रोमचा विस्तव, बौशरचा दिवा

प्राचीन रोम मी फार छान शिकवायचे, हे मीच सांगते. मस्कतच्या भारतीय शाळेत अकरावीच्या मुलांना सम्राटांच्या लढायांचा कंटाळा यायचा, म्हणून मी त्यांना थेट रोमन माणसाच्या घरात न्यायचे. जेवताना त्याने चुलीतल्या विस्तवाला घास द्यायचा, कोनाड्यातल्या घरदेवांपुढे धूप जाळायचा, आणि विधीत चूक झाली तर रडत न बसता तो पहिल्यापासून करायचा. चुलीच्या देवीच्या देवळातला नगराचा पवित्र अग्नी राखायला निवडक मुली असत. तो विझला तर जिची राखणीची पाळी असेल तिला फटके. "मॅम, लायटर नव्हता का?" एकीने विचारलं आणि वर्गाबरोबर मीही हसले.

तेव्हा नवरात्र चालू होतं. सासूबाई कोकणातून व्हिजिट व्हिसावर मस्कतमध्येच बौशर भागात आमच्या घरी आल्या होत्या. हॉलमध्ये त्यांनी घट बसवून अखंड दिवा लावला होता. माझा नवरा दूर वाळवंटात तेलाच्या साइटवर होता, आणि दिवा नऊ दिवस तेवला तरच तो सुखरूप राहील, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ज्योत हलू नये म्हणून एसी बंद. भर उकाड्यात त्या पदराने वारा घेत राखण करायच्या. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा आणि मी तो तोंडावर बोलूनही दाखवला होता.

पाचव्या दिवशी शाळेतून घामाने निथळत आले. सासूबाई सोफ्यावर डोळे मिटून पडल्या होत्या. सवयीने रिमोट उचलला, एसी लावला आणि तोंड धुवायला गेले.

परत आले तर दिवा विझलेला. वातीतून धूर निघत होता आणि सासूबाई घटापुढे हात जोडून बसल्या होत्या.

"माझा डोळा लागला गो," त्या म्हणाल्या. "तेल घालायचं राहिलं."

दिव्यात तेल काठोकाठ होतं. एसी बंद होता, पण हॉल अजून गार होता, आणि रिमोट त्यांच्या मांडीवर होता. मला एकदम लाज वाटली. खरं बोलायचं सोडून मी वर्गात शिकवते तसं शिकवायला लागले. "आई, रोममध्ये देवीचा अग्नीसुद्धा विझायचा. ते लाकडावर लाकूड घासून पुन्हा पेटवायचे. रोम काही बुडलं नाही."

"आणि राखणारीला काय करायचे?"

वर्गात हेच मी किती रंगवून सांगितलं होतं!

"फटके मारायचे," मी म्हटलं. "आई, एसी मी लावला होता."

"ठाऊक आहे. टिक वाजलं तेव्हाच मी जागी झाले."

"मग खोटं कशाला बोललात?"

"देवीला मी माझं नाव सांगून मोकळी झालेय. काय लागायचं ते मला लागू दे, तुम्हाला दोघांना अजून संसार करायचाय. तू आता मध्ये बोलू नकोस. काडेपेटी आण."

काडेपेटी समोरच होती, तरी ती शोधत मी स्वयंपाकघरात बराच वेळ रडत उभी राहिले.