आबांच्या अक्षरापुरतं

लॅपटॉप घ्यायला आलेल्या बापाला दुकानात खाली फरशीवर मांडी घालून बसवणारी बीडमधली पहिली बाई मीच असेन. विक्रेता म्हणाला, "मॅडम, खुर्ची आहे ना." मी म्हटलं, "घरी ते खुर्चीत बसत नाहीत, ओट्यावर बसतात. मांडीवर हे टिकतं का, तेच बघायचंय मला." आबा ओशाळून इकडंतिकडं बघत होते, पण बसले. माझ्यावर ओरडायला त्यांच्याकडं आवाज उरला नव्हता.

घशाच्या कॅन्सरमुळं त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. एके काळी तलवाड्याच्या शेतात विहिरीवर उभं राहून ते हाक मारायचे आणि चुलीपुढं बसलेली माय घरातूनच "आले, आले" म्हणायची. ऑपरेशननंतर ते पाटीवर लिहू लागले. शिक्षण सातवी, अक्षर तिरकं, प्रत्येकाला लांब शेपटी. आम्हा भावंडांना ते वाचता यायचं. पण माय शाळेची पायरी चढलेली नव्हती. आबा लिहायचे, ती पाटीकडं बघायची, मग त्यांच्या तोंडाकडं, आणि शेवटी शेजारच्या सुनेला बोलवायची. जन्मभर मनसोक्त भांडलेली ही दोघं. तिसऱ्याच्या तोंडून भांडण करता येत नाही, म्हणून ती गप्पच झाली. एका घरात दोन मुकी माणसं मला बघवेनात.

म्हणून हा खटाटोप. पडदा पार मागं उलटता येतो, त्यावर पेनानं लिहायचं आणि यंत्र ते मोठ्यानं वाचून दाखवतं, असा लॅपटॉप असतो हे मला शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं. पहिल्या लॅपटॉपवर आबांचा तळहात टेकला की भलत्याच रेघा उमटायच्या. दुसऱ्याचा कीबोर्ड सुटा व्हायचा आणि मांडीवर ठेवला की पडदा मागं कलंडायचा. तिसरा जड होता, पण त्याची बिजागरी घट्ट होती आणि हात टेकला तरी तो फक्त पेनाचंच ऐकायचा. "काका, लिहून बघा काहीतरी," विक्रेता म्हणाला. आबांनी आधी 'श्री' काढला आणि खाली लिहिलं, 'लई गुळगुळीत हाय. कागदावाणी खरखर न्हाई.' विक्रेत्यानं हसत पडद्यावर खरखरीत फिल्म चिकटवून दिली. आबांनी पेन शर्टाच्या खिशाला अडकवलं आणि गाडीत बसेपर्यंत ते दोनदा चाचपून पाहिलं.

घरी मायनं झाकणाला हळदीकुंकू लावलं. आबांनी मांडी घातली आणि लिहिलं, 'अगं, कालच्या वरणात मीठ कमी हुतं.' मी बटण दाबलं. आतून एक तरणा पुरुष बातम्या दिल्यासारखं ते वाक्य बोलला. मायनं झटकन डोक्यावर पदर ओढला आणि दाराकडं बघितलं.

"कोण आलंय गं?"

आम्ही हसलो. आबाही आवाजाविना, खांदे हलवत हसले. पण दुसऱ्या वाक्यालाही पदर, तिसऱ्यालाही पदर. ती अंग चोरून भिंतीकडं सरकली.

"माय, आबाच बोलायलेत ते."

"बोलणं तेंचं आसंल, पर आवाज परक्याचा हाय. परक्या बाप्यानं मला 'अगं' म्हणावं व्हय?"

आबांनी पेन खाली ठेवलं. आपण बोललो की आपली बायको पदर घेते, हे त्यांना दिसलं होतं. त्यांनी खूण करून मला आवाज बंद करायला लावला. माझं डोकं फिरलं. "तुझ्यासाठीच आणला होता हा," असं मायला फटकन बोलले आणि तशीच गेवराईला, माझ्या घरी निघून गेले.

राग ओसरल्यावर परत गेले, तर फाटकातूनच मायचा आवाज आला. "मीठ कमी न्हाई, तुमच्या जिभंची चव गेलीया!" मी धावत ओट्यावर गेले. पडद्यावर मोठ्या तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मीठ कमी', आणि ते तिला कुणीही वाचून दाखवलेलं नव्हतं.

आबांनी तिला शिकवायला घेतलं होतं. बाराखडी वगैरे काही नाही. कप पुढं ठेवून 'चहा' लिहायचं, तांब्या ठेवून 'पाणी'. अख्खा शब्द ती त्याच्या शेपटीसकट ओळखायची. वाचून झालं की पाटीसारखं लगेच पुसायचं, मगच पुढचं. लिहिलेलं जपून ठेवता येतं, असं मी सांगितलं तर माय म्हणाली, "भांडान कुनी जपून ठिवतंय व्हय?" दोघं पुन्हा कडाकडा भांडू लागली होती. त्या वर्षी मी जितकी सुखात होते तितकी पुढं कधी झाले नाही.

मग दुखणं उलटलं आणि चैत्रात आबा गेले.

दिवसपाणी उरकल्यावरही मी मायजवळच राहिले होते, तेव्हा एक नातलग लग्नाची पत्रिका देऊन गेला. मायनं ती मोठ्या तोऱ्यात हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, उलटीसुलटी केली आणि माझ्याकडं सरकवली. "मला न्हाई येत ही." मला वाटलं, दुःखानं तिचं मन लागत नसेल. मी लॅपटॉप आणून पडद्यावर 'मीठ' लिहिलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"तू लिवलेलं न्हाई येत गं मला."

एसटीची पाटी येत नव्हती, पेपरातला मथळा येत नव्हता. माय वाचायला शिकलीच नव्हती. ती फक्त आबांना वाचायला शिकली होती. साऱ्या जगात तिला एकाच माणसाचं अक्षर येत होतं आणि तो माणूस आता लिहिणार नव्हता. मला रडू आवरेना. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

एकच पान पुसायचं राहिलं आहे. ज्या दुपारी आबांना शेवटचं घाईनं दवाखान्यात हलवलं, त्याच्या जरा आधीचं. रोज जेवण झालं की माय लॅपटॉप उघडते, पडदा मागं उलटवते आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचते, "पंखा... बारीक... कर." मग उठते आणि पंखा बारीक करते. वैशाखाचं ऊन असतं, घामानं माझं अंग भिजतं. मी पंखा वाढवत नाही.