जाळीवरचं उपरणं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बिडकीनच्या अलीकडे, आमच्या जुन्या जीपचं इंजिन तापलं. बाबा गेल्यानंतरचा तो पहिला दसरा. इंजिन गेलं तर जीप भंगारात द्यायची, असं भावाचं आणि माझं ठरलं होतं. आईला ते माहीत होतं. ती मागच्या सीटवर बसली होती.

रस्त्याकडेच्या गॅरेजमधला मिस्त्री पन्नाशीचा असावा. त्यानं बॉनेट उघडलं आणि आधी इंजिन निवू दिलं. मग रेडिएटरमधलं पाणी पाहिलं, पंख्याचा पट्टा दाबला, पाइपांवरून बोटं फिरवली. सगळं ठीक होतं. शेवटी त्यानं समोरच्या जाळीवरचे झेंडूचे हार बाजूला सारले. खाली बाबांचं उपरणं होतं, चारही कोपऱ्यांना घट्ट बांधलेलं. पूजा करताना आईनं ते जीपला पांघरलं होतं. आत वारा जायला वाटच नव्हती.

"इंजिन गेलं का, भाऊ?" आईनं विचारलं.

"नाय मावशी, इंजिन लई दणकट हाय. तुम्ही माया जरा जास्त लावली. तोंड बांधल्यावर कुणाचा बी जीव गुदमरंल."

"ह्यांचं उपरणं होतं ते."

त्यानं साबणानं हात धुतले आणि एकेक गाठ बोटांनी सोडवली. उपरणं झटकून ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला बांधलं.

"मालकाला इथं बसू द्या," तो म्हणाला.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. बिडकीन येईपर्यंत इंजिन पुन्हा तापलं नाही. जीप अजून आमच्या दारात उभी असते.