भिंतीकडची शेवटची शीट

लाकूडकाम करणारी चार मराठी माणसं एका शेडमध्ये जमली, की भुशापेक्षा किस्सेच जास्त साठतात. भुसा निदान झाडता तरी येतो!

शेड जे. पी. नगरमधली, अण्णांच्या घरामागची. अण्णा मूळचे निपाणीचे, चाळीस वर्षं इथे, या कानडी शहरात. सोबत देशपांडे, सरकारी कारखान्यातले डिझाइन इंजिनिअर. सौरभ, मारतहळ्ळीहून येणारा आयटीवाला. आणि मी, रिटायर झाल्यापासून घरात पाय न टिकणारी. दर रविवारी जमायचं. अडचण एकच, आठ बाय चारच्या प्लायच्या शीट ठेवायच्या कुठे? सगळ्या भिंतीला टेकवून उभ्या. आणि सगळ्यांच्या मागे अण्णांची सागवानी शीट.

"लेकीला बाळ झालं की त्याचा पाळणा करणार. या शीटला कुणी हात लावायचा नाही!"

कुणी लावलाही नाही. फक्त तिच्यापुढे आपापल्या शीट टेकवत गेलो.

*

शीट ठेवायला रॅक करायचं काम देशपांड्यांनी अंगावर घेतलं. दर रविवारी नवं ड्रॉइंग! सातव्या ड्रॉइंगला माझा धीर सुटला.

"अहो, रॅक कधी?"

"ड्रॉइंग अप्रूव्ह होऊ दे."

"कोण करणार अप्रूव्ह?"

"मीच. पण रविवारी मी ऑफिसात नसतो ना!"

*

सौरभ म्हणाला, सिस्टिम हवी. त्याने प्रत्येक शीटला कोड चिकटवला, फोनवर ॲप केलं. कोड स्कॅन केला की शीटची सगळी माहिती हजर. पण कोड चिकटवले होते शीटच्या तोंडावर, म्हणजे स्कॅन करायला पुढच्या सगळ्या शीट हलवायच्या!

"अण्णा, तुमची भिंतीपासून पहिली आहे, ॲपमध्ये दिसतंय."

"ते मला डोळ्यांनी बी दिसतंय की!"

*

मध्ये एकदा अण्णांनी हट्टाने आठ-दहा शीट आडव्या रचल्या. आडव्या ठेवल्या की प्लाय वाकत नाही म्हणे. तासाभरात त्यावर आमचे डबे आले, मग चहा, आणि दुपारी देशपांडे. शीट हवी तर आधी त्यांना उठवायचं! पुढच्या रविवारी सगळ्या परत उभ्या.

*

आता माझं पाप. स्वस्तात मिळाल्या म्हणून दोन जाड शीट घेतल्या आणि सगळ्यांच्या पुढे टेकवल्या. "दोनच दिवस हं, अण्णा!"

"सरी," अण्णा कानडीत 'बरं' म्हणाले. पुढे मी दिसले की म्हणायचे, "अक्का, तुमचे दोन दिवस गेल्या दिवाळीपासून चालूच आहेत की!"

मी हसण्यावारी न्यायचे. आज लाज वाटते.

*

परवा फोन आला. अण्णांच्या लेकीला मुलगी झाली! बाराव्या दिवशी बारसं, मध्ये एकच रविवार. त्या रविवारी अण्णा सकाळपासून दारात उभे. ओढा, उचला, सरका! "स्वल्प, जरा बाजूला!" असं ओरडत एकेक शीट अंगणात काढली. मागच्या प्रत्येक शीटला आधीच्यापेक्षा जास्त बाक होता.

शेवटची बाहेर आली. चांगलं पोक आलं होतं तिला. इतकी वर्षं टेकून, वर आमच्या सगळ्यांचा भार.

देशपांडे चष्मा पुसत बसले. सौरभने फोन खिशात घातला. मी म्हटलं, "अण्णा, माझ्यामुळे झालं हो. दुसरी आणू, आत्ताच्या आत्ता!"

अण्णांनी ऐकलंच नाही. शीट जमिनीवर ठेवली, पोकाची फुगीर बाजू खाली करून. एका कडेवर पाऊल दाबलं आणि काढून घेतलं.

शीट झुलायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

अण्णा आमच्याकडे वळून म्हणाले, "उभे काय राहिलात? पाळणा तर तुम्हीच करून ठेवलाय की. आता नुसत्या बाजू लावायच्या!"