खुर्चीशी भांडण

कुणी काही झाकताना दिसलं की हा म्हणायचा, "कर नाही त्याला डर कशाला?" म्हणून लोकांनी त्याचं नावच डरकशाला पाडलं. धंदा सोफे-खुर्च्यांवर नवं कापड चढवायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या गाद्या फाडून आतला काथ्या उपसलेला माणूस. त्याला आत काय, बाहेर काय, सगळं सारखंच.

मेहुणा चार दिवस म्हणून राहायला आला आणि गोचिडासारखा चिकटला. त्यानंच दुकानात कॅमेरा बसवला. "दाजी, ताईला घरबसल्या मोबाइलवर दुकान दिसेल."

"दिसू दे की. लपवायचंय काय?"

लपवायचं होतं, पण ते ह्याच्या ध्यानात नव्हतं. घरी बायकोपुढं ह्याचं तोंड म्हणजे शिवलेली उशी. सगळी भांडणं तो दुकानात भांडायचा, गिऱ्हाईक विसरून गेलेल्या एका उंच पाठीच्या खुर्चीशी. खुर्ची म्हणजे बायको. तिथं दर वेळी हाच जिंकायचा.

त्या दुपारी खिळे ठोकता ठोकता त्यानं खुर्चीला खडसावलं, "तुझा भाऊ माझ्या टॉवेलला तोंड पुसतो, माझ्या चपला घालून गावभर हिंडतो. तू घालवतेस का मी घालवू? आता का दातखीळ बसली?"

"घालवा की," कॅमेऱ्यातून बायको बोलली.

हातोडी अंगठ्यावर बसली.

"ह्यातनं बोलता पण येतं?"

"ऐकू पण येतं. सोमवारपासून ऐकतेय. माझ्या आईला फाटकी गादी म्हणालात तेही."

"ते खुर्चीच्या आईला म्हणालो."

"खुर्चीला आई असते?"

डरकशाला अंगठा चोखत राहिला. मग म्हणाला, "बंद कर हे."

"का? कर नाही त्याला..."

"अगं, केलं काहीच नाही. पण वाट्टेल ते बरळायला माणसाला चार भिंती नकोत?"

बायको जराशी नरमली. "काढा कॅमेरा. पण आधी माझ्या भावाला जायला सांगा. मीही विटलेय, पण पडले बहीण."

"संध्याकाळी घरी येतो, मग..."

"घरी तुम्ही त्याला चहा विचाराल. आत्ता सांगा. इथंच लोळतोय, फोन त्याच्या कानाला लावते."

झाडावरच्या माणसाशी बोलावं तशी कॅमेऱ्याकडं मान वर करून डरकशाला उभा राहिला. समोर तोंड दिसत नव्हतं, त्यानं धीर आला.

"मेहुणे, उद्या सकाळी आपल्या घरी निघायचं. चपला माझ्या ठेवून."

"अहो दाजी, पण..."

त्यानं वायर उपटली. दार लोटलं, खुर्ची पुढ्यात ओढली आणि बाह्या सारल्या.

"हं," तो खुर्चीला म्हणाला, "आता आपलं दोघांचं."