स्पॅनिश पुस्तिका आणि दुधातली साखर

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. आमच्या तिसगावच्या बाजारात जनावरं कमी आणि रिकामे हंडे जास्त दिसायचे...

मी नुकतीच नगरहून बी.एस्सी. होऊन घरी आले होते. विषय रसायनशास्त्र, त्यात एक पेपर बायोकेमिस्ट्रीचा. अब्बांच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि मला कुठे नोकरी नव्हती.

गावाबाहेर मिशनचा छोटा दवाखाना होता. तो सिस्टर पिलार चालवायच्या, मूळच्या स्पेनच्या नर्स. दहा-बारा वर्षं इकडे काढल्यामुळे मराठी झकास बोलायच्या, फक्त बाई-पुरुषाचा घोळ व्हायचा. त्यांनी अब्बांना विचारलं, "तुमचा मुलगी मदतीला येईल का?" अब्बा हसले आणि हो म्हणाले.

दवाखान्यात रोज सकाळी दुधाची पावडर कालवून मुलांना दूध मिळायचं. बरीच पोरं त्यावर तरारली. पण काहींना मात्र ते दूध पोटात गेलं की जुलाब लागायचे...

त्यात गयाबाईची मंदा होती. दोन वर्षांची, पण उचलली तर हाताला नुसती हाडं लागायची. गयाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एक दिवस पोरीला पुढ्यात घेऊन ती म्हणाली, "दूध पाजलं की लगीच परसाकडं होतंय, बाई. अन् न्हाई पाजावं, तर दुसरं काय हाय खायाला?"



त्याच सुमारास सिस्टरांच्या भावाकडून एक पुस्तिका आली. तो दक्षिण अमेरिकेत डॉक्टर होता. अशक्त मुलांना काय खायला द्यावं, याची ती पुस्तिका होती... सगळी स्पॅनिशमध्ये. त्यात जुलाब होणाऱ्या मुलांचं दूध कमी करा असं लिहिलंय, हे सिस्टरांनी पाथर्डीहून येणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर भले माणूस. पण ते म्हणाले, "सिस्टर, ह्या पोरांना एवढाच एक आधार आहे. तो काढून घ्यायचा तर मला कारण कळायला हवं. इंग्रजीत लिहून द्या, मी वाचतो."

मग आम्ही दोघी बसलो. सिस्टरांना स्पॅनिश येत होतं, पण बायोकेमिस्ट्री नाही. मला बायोकेमिस्ट्री थोडी येत होती, पण स्पॅनिशचं अक्षर नाही. जवळ एक खिशातली डिक्शनरी होती, तिच्यात असले शब्द कुठले असणार...

सिस्टर शब्दाचा शब्दशः अर्थ सांगायच्या आणि मी अंदाज बांधायचे. "तेलकट आम्ल," त्या म्हणाल्या की मी लिहायचे फॅटी ॲसिड. "कोळशाचं पाणी," म्हणाल्या तेव्हा मी बराच वेळ डोकं खाजवलं... ते निघालं कार्बोहायड्रेट. साखरेला त्या 'अथूकार' म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या घरी शक्कर म्हणतात. त्यांनी दोन्ही शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहिले आणि खुदकन हसल्या.

तिसऱ्या पानावर गाडी अडली.

वाक्य असं होतं, की या मुलांच्या आतड्यात 'लाक्तासा' कमी पडतो. वर एकदा 'लाक्तोसा' येऊन गेला होता, म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर. सिस्टर म्हणाल्या, "इथे छपाई चुकली. लाक्तोसाच पाहिजे." मी तसं लिहिलं... मुलांना दुधातली साखर कमी पडते.

पुढचं वाक्य, म्हणून दूध कमी करा.

मी पेन खाली ठेवलं. दुधातली साखर कमी पडत असेल, तर दूध वाढवायला नको का? हा कागद असाच डॉक्टरांकडे गेला असता, तर हे कारण वाचून त्यांनी दूध कमी करणं सोडाच, उलट मंदाला आणखी एक पेला दूध सांगितलं असतं.

"सिस्टर, त्या पानावर 'आसा'ने संपणारे आणखी शब्द आहेत का बघा ना." त्यांनी बोट फिरवलं. "आमिलासा... लिपासा..."

अमायलेज. लायपेज. ही तर एन्झाईमची नावं, अन्न पचवणाऱ्या रसायनांची. म्हणजे छपाई बरोबर होती. 'लाक्तासा' म्हणजे लॅक्टेज, दुधातली साखर पचवणारं एन्झाईम. उपासमारीने आणि जुलाबाने आतडं खराब झालं की तेच कमी पडतं, म्हणून दूध बाधतं.

सिस्टरांनी पुस्तिका आपल्याकडे ओढली. मग म्हणाल्या, "पुढे वाच... पुढे मी वाचतो, तू लिही."

पुढे उपायही होता. दूध आंबवून द्या, म्हणजे त्यातली साखर कमी होते आणि पौष्टिकपणा जात नाही. आंबवलेलं दूध... म्हणजे आपलं दहीच की.

डॉक्टरांनी तो कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला. "आता पटलं," म्हणाले. "जुलाबाच्या पोरांना आजपासून ह्याच पावडरीचं दही लावून द्या." निघताना मला एवढंच विचारलं, "बाकीची पुस्तिका कधी होईल?"

मंदाला पहिले काही दिवस चमच्या-चमच्याने दही भरवलं. जुलाब हळूहळू थांबले. मग ती वाटीवर झडप घालायला लागली... सगळीच मुलं वाचली असं नाही म्हणणार मी. पण ही वाचली.

पावसाळा लागला आणि गयाबाई तिला कडेवर घेऊन पेरणीला निघाली होती. दवाखान्याच्या दारात थांबून म्हणाली, "धरा जरा हिला, पदर खोचते. लई जड झालीया आता." मी मंदाला घेतलं आणि खरंच हात भरून आला.

आजही कुणी म्हणालं, एवढं शिकून काय उपयोग... की मला तो हातातला भार आठवतो. सिस्टर पिलार, तुमची आभारी आहे.