लिस्बनला गेलेलं गाऱ्हाणं

काशीराम तारी दारू पिऊन गाऱ्हाणं घालतात, ही बातमी २००३च्या नारळी पौर्णिमेला देवबागात उठली आणि कुडाळला पोचली. असल्या बातम्यांना आमच्याकडे ना होडी लागते ना एसटी. जॉयस फर्नांडिसच्या कानावर ती आली तेव्हा ती एका गवंड्याचा आखडलेला खांदा फिरवत होती. जॉयस कुडाळात फिजिओथेरपिस्ट होती. हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नसल्यामुळे लोक तिला 'हातपाय ओढणारी बाय' म्हणत आणि तीही ओ देई.

तिचा विश्वास बसेना. काशीरामकाकांच्या गुडघ्यावर तिनेच उपचार केले होते. होडीचे तांडेल असूनही हा माणूस दारूला शिवत नसे आणि त्याबद्दल वाडीत त्यांची थट्टाही होई. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती सरळ देवबागला गेली. काका बोलले ते जड जिभेने, पाणी प्यायले आणि खोकत राहिले. उजव्या हाताच्या अंगठ्याखालचं मांस उतरलं होतं. जॉयसने त्यांना गोव्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि तिला जी भीती होती तेच निघालं. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, डोकं मात्र लख्ख राहतं, आणि औषध नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माजो आवाज जातलो?"

"जातलो, काका," जॉयस म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे, त्यामुळे तिचे पेशंट कमी होते.

आवाज म्हणजे त्यांच्यासाठी गाऱ्हाणं. देवापुढे उभं राहून सगळ्या वाडीच्या वतीने मोठ्याने मागायचं, एक मागणं झालं की थांबायचं, आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या 'व्हय'शिवाय मागणं देवापर्यंत जात नाही, अशी तिथली समजूत. काकांच्या वडिलांनी हे काम केलं होतं, आजोबांनी केलं होतं. मुलगा लवू होडीवर वाघ, पण चार माणसांपुढे त्याची बोबडी वळायची.

घरात काकांच्या बायकोने, कृष्णाबाईंनी, कंबर कसली ती पेजेसाठी. आजारी माणसाला पेजेची निवळ द्यायची, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. पण या आजारात पातळ तेवढं घशातून फुप्फुसात उतरतं. नवऱ्याची छाती भरली की त्या काळजीने पेज आणखी पातळ करत, आणि छाती पुन्हा भरे. जॉयसने पेजेत नाचणीचं सत्त्व घालून ती दाट करायला सांगितली तेव्हा त्या उखडल्या.

"आजारी माणसाक खळ भरवू गो?"

"भरवा. छाती भरली तर माका शिव्या घाला."

शिव्या घालायची वेळ आली नाही. नाचणीची ही हकिगत जॉयसने लिहून पाठवली आणि २००४ साली एडिंबरोला, याच आजाराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, तिला भिंतीवर एक तक्ता लावायला जागा मिळाली. शास्त्रज्ञ मोठ्या सभागृहात बोलत होते, तक्तेवाले चहाच्या टेबलांजवळ उभे होते. तिथेच एका नर्सने तिला सांगितलं, आम्ही पेशंटचा आवाज तो शाबूत असतानाच रेकॉर्ड करून ठेवतो. आपल्याला हे आधी का सुचलं नाही, म्हणून जॉयस स्वतःवर मनापासून चिडली.

परत आल्याबरोबर तिने मालवणच्या एका स्टुडिओवाल्याला कॅमेऱ्यासकट देवबागला नेलं. काकांनी नातवंडांना मारायच्या हाका भरल्या, बायकोला चिडवायची दोन वाक्यं भरली. शब्द चिकटत होते, तरी कळत होते. गाऱ्हाण्याला मात्र त्यांनी मान हलवली.

"देवाक उगाच हाक मारूची नाय. मागणा होया."

मग ते समुद्राकडे तोंड करून बसले. मागणं त्यांनी स्वतःच शोधलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या आजाराक औषध सोधूक जी माणसा रात्रंदिवस खपतत, तेंका यश दे." ते थांबले. "माका नाय गावला तरी चलात, माज्या मागसून जो येतलो तेका गावांदे." पुन्हा थांबले. कृष्णाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या, जॉयस मुळात क्रिस्तांव, आणि स्टुडिओवाल्याला वाटलं, मध्ये बोललं तर शूटिंग बिघडेल. 'व्हय' कुणीच म्हटलं नाही. जागा तशाच रिकाम्या राहिल्या.

दीड वर्षात आवाज गेला, मग हात गेले. काका डोळ्यांनी बोलू लागले. जॉयसने पाटीवर अक्षरं मांडून दिली होती. लवू एकेक अक्षरावर बोट फिरवी, हवं ते आलं की काका डोळे मिटत. डोळे मिटले म्हणजे 'व्हय'. पण तेही हळूहळू मिटत, आणि लवूला वाट बघायची सवय झाली.

२००६च्या जूनमध्ये लिस्बनच्या परिषदेत जॉयसला व्यासपीठावर बोलायला बोलावलं. तिची आई कार्मेलिना हिला परिषदेचं सोयरसुतक नव्हतं. तिथल्या फातिमा या तीर्थाला मेणबत्ती लावून ये, एवढंच तिने बजावलं. वेळ थोडा म्हणून स्टुडिओवाल्याने सीडीतल्या गप्प जागा कापून गाऱ्हाणं आटोपशीर केलं आणि जॉयसलाही ते बरं वाटलं. जायच्या आधी तिने ते काकांना दाखवलं. काकांचे डोळे लाल झाले. पाटीवर अक्षरं जुळली: 'व्हय कोण म्हणतलो?'

जॉयसला स्वतःची शरम वाटली. याच मुलखात जन्म काढून तिच्या हे लक्षात आलं नव्हतं. तिने जागा परत घालून घेतल्या.

लिस्बनला तिने आधी समजावून सांगितलं, की मागणं थांबतं त्या जागी जमलेले लोक होकार देतात. काकांचा आवाज सुरू झाला. पहिली जागा आली. सभागृह सभ्यपणे गप्प. ही माणसं काही म्हणणार नाहीत हे जॉयसला कळलं, आणि मागणं वाया जाऊ देणं तिच्याने होईना.

"व्हय म्हाराजा," ती माईकमध्ये म्हणाली.

काकांचं पुढचं मागणं निम्म्यावर आलं असेल, तेव्हा मागच्या रांगेतून एका यंत्राचा सपाट आवाज आला, "सीं." पोर्तुगीजमध्ये होय. चाकाच्या खुर्चीतला एक माणूस होता. त्याला हाच आजार, आणि तो डोळ्यांनी यंत्र चालवून बोलत असे. एवढासा शब्द जुळवेपर्यंत त्याची जागा निघून गेली होती. जॉयसला हुंदका आला, आणि पुढचं भाषण तिने वाटेल तसं उरकलं.

देवबागला येऊन तिने हे जसंच्या तसं सांगितलं. काकांनी डोळ्यांनीच पाटी मागितली. 'तेचा नाव?'

"जुवाकीं."

मग त्यांनी लवूकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. यंदाचं गाऱ्हाणं कुणी घालायचं, ते लवूला सांगावं लागलं नाही.

नारळी पौर्णिमेला काकांना खुर्चीतून वाळूवर आणलं. जॉयसही आली होती. लवू नारळ घेऊन उभा राहिला. पहिल्याच शब्दावर तो दोनदा अडखळला, पण हसलं कुणी नाही. होड्यांचं मागून झालं, जाळ्यांचं झालं.

"बा देवा म्हाराजा, दर्यापलीकडे जुवाकीं म्हणान एक माणूस आसा. तेका माज्या बापाशीचोच आजार आसा."

"गोंयचो काय रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाय, तेच्याय पलीकडचो," लवू न वळता म्हणाला. "त्या दोगांका सांबाळ. आणि औषध सोधतत तेंका यश दे."

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली. जॉयसही म्हणाली. लोक नारळ पाण्यात पडायची वाट बघू लागले. लवू मात्र हलला नाही. तो बापाकडे बघत, त्याच्या 'व्हय'साठी थांबला होता. काकांच्या पापण्या खाली यायला निघाल्या होत्या. त्या पुरत्या मिटल्या, मग त्याने नारळ सोडला.