टाकी गप्प होईपर्यंत

खालांची टाकी आमच्या ओट्याखाली उभी आहे. स्टीलची, गुडघ्याच्या वर येईल एवढी, वर आतून बसणारं अंडाकृती झाकण आणि झाकणाला काळं रबर. तिला केग म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत ती टाकीच होती, आणि तिच्यातून निघायचा तो खालांचा सोडा.

खाला भिंतीपलीकडे राहायच्या. त्या आणि आई एकमेकींना भाभी म्हणायच्या. खालू, म्हणजे त्यांचे नवरे, फ्रीज दुरुस्त करत. बंद पडलेल्या एका हॉटेलातून ते ही टाकी, नळी आणि सोड्याच्या गॅसचा सिलिंडर घेऊन आले होते. सोडा मात्र खालाच करायच्या.

त्याला दोन माणसं लागत. बर्फात गार केलेलं जारचं पाणी टाकीत भरायचं, झाकण घट्ट करायचं, गॅस सोडायचा आणि टाकी गोधडीवर आडवी करून लोळवायची. खाला एका बाजूला पाय पसरून बसत, समोर मी. त्या ढकलत, मी परत ढकलायचे. नळीतून गॅस आत जाताना बारीक सुर्रर्र आवाज यायचा.

"पी रई अभी. पीने दे," खाला म्हणायच्या.

आवाज थांबला की पाण्याचं पोट भरलं. मग टाकी उभी करून पहिला ग्लास काढायचा. तो नुसता फेसच असायचा. तो खालांचा.

लोळवताना बोलायच्या त्याच. बाजार, नणंद, बर्फवाल्याची लबाडी. मी शाळेतून येऊन, युनिफॉर्मवरच ऐकत बसायचे.

"अंग्रेजी स्कूल में मुँह खोलने की फीस अलग लगती क्या?" त्या विचारायच्या. मी हसायचे आणि त्यांना तेवढं उत्तर पुरायचं. शाळेत, पाहुण्यांत, सगळीकडे माझ्या बोलण्याची वाट बघणारे चेहरे असत. त्या गोधडीवर तसं कुणी नव्हतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आई पन्हं करायची. एका वर्षी खाला म्हणाल्या, पाण्याऐवजी सोडा घालू. ग्लासात कैरीचा गर, वरून तोटीतून सोडा, ग्लास तिरपा धरून, नाहीतर फेस बाहेर येतो. तोटीवर मी होते.

"अगं बाई, हे पन्हं चावून राह्यलं!" एक काकू ओरडल्या.

"मिरची घातली का काय, भाभी?"

"मिरची नहीं, हवा है. हळू प्या, नाकात जाती," खाला म्हणाल्या.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "ही पोरगी काहीच बोलत न्हाई का?"

"नल उसके हाथ में है. पंगा नको लेव," खाला म्हणाल्या, आणि सगळ्या बायका हसल्या. मीही.

दोन वर्षांपूर्वी खालू गेले. खालांचे भाऊ त्यांना हैदराबादला घेऊन गेले. सामान टेम्पोत चढत असताना खालांनी टाकी, नळी-सिलिंडरसकट, माझ्यासमोर आणून ठेवली. "सुखा के नको रख. रबर सूखा तो गया. मैं आके ले जाती."

मला 'जाऊ नका' म्हणायचं होतं. मी "हो" म्हटलं.

त्यानंतर मी सोडा एकदाही केला नाही. फोनही केला नाही. मेसेज लिहायचे, पुसायचे. टाकी आपल्याकडे आहे म्हणजे त्या येणार, एवढं मी धरून ठेवलं होतं.

यंदा चैत्रात आई म्हणाली, "बायका विचारून राह्यल्या, ते चावणारं पन्हं करता का म्हणून. कर की, तुला येतं."

मी पाणी भरलं, गॅस सोडला. सगळा गॅस झाकणाच्या कडेने फुसफुसत बाहेर. रबर सुकून आकसलं होतं. त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट मी केली नव्हती.

"भाभीला विचार," आई म्हणाली.

"तू विचार ना."

"टाकी माझ्याकडं दिल्ती का तुझ्याकडं?" एवढं बोलून ती कैऱ्या किसायला निघून गेली.

मी नंबर लावला. "कौन?" खालांचा आवाज बारीक झाला होता. मी कोण ते सांगितलं.

"बोलती तू?" त्या म्हणाल्या आणि हसल्या.

रबर सुकलं, मी इतके दिवस हात लावला नाही, हे सगळं मी एका दमात सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "गरम पानी में भिगा. उंगली से खोबरेल लगा. ढक्कन ऊपर खींच के पकड़, फिर गैस छोड़."

मी तसं केलं. झाकण ठक्‌ करून बसलं.

"अब हिला."

"मी एकटीच आहे, खाला."

"दीवार को लगा के हिला. फोन बाजू में रख."

गोधडी भिंतीपाशी ओढली. टाकी पायाने ढकलायची, भिंतीला लागून ती परत यायची. फोन स्पीकरवर. सुर्रर्र.

"पी रई अभी," हैदराबादहून आवाज आला. "पीने दे."

मग त्या बोलू लागल्या. चौथा मजला. शेजारी कोण ते माहीत नाही. सोडा बाटलीतला, तोही भाच्यांपुरता. मी टाकी ढकलत राहिले. आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

"हो गया," त्या म्हणाल्या. फोन ठेवला नाही.

"टाकी न्यायला कधी येता?" मी विचारलं.

"क्या करूँ ले जाके? इधर सामने कौन बैठता? तू रख ले, बेटी."

मी टाकीवर हात ठेवला. गार होती.

"मग नुसत्याच या," मी म्हटलं. "टाकीसाठी नका. मी समोर बसते."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "पहला गिलास निकाल."

मी टाकी उभी केली, तोटी उघडली. ग्लास फेसाने भरला. तो मी फोनजवळ ठेवला. फेस खाली बसायला बराच वेळ लागला. तोवर दोघीही फोनवर होतो.